विद्युद्भार कोठून येतो व कोठें जातो?

वीज पडून बेशुद्ध झालेल्या मनुष्यास हात लावावा कीं नाहीं, असा प्रश्न खेड्यापाड्यांतून आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. त्याच्या अंगांत वीज भरून राहिली आहे, शिवेल त्यास ती धरील, अशा समजुतीनें लोक दूर उभे राहतात आणि जीव वांचविण्याची वेळ निघून जाते. या प्रश्नाचें उत्तर समजण्यासाठीं पदार्थांवर विद्युद्भार कसा चढतो व कसा उतरतो, हें आधीं पाहूं.

प्रत्येक पदार्थ परमाणूंचा बनलेला आहे. परमाणूच्या मध्यभागीं प्रोटॉन नांवाचे घनभारित कण असतात व सभोंवतीं इलेक्ट्रॉन नांवाचे ऋणभारित कण असतात. दोहोंची संख्या सारखी असल्यामुळें पदार्थ एरव्हीं उदासीन असतो. इलेक्ट्रॉनाचा शोध 1897 सालीं जे. जे. टॉमसन यांनीं लाविला. प्रोटॉन आपली जागा सोडीत नाहीं. इलेक्ट्रॉन मात्र एका पदार्थावरून दुसऱ्यावर जाऊं शकतो. ज्यानें इलेक्ट्रॉन गमाविले तो घनभारित, ज्यास ते मिळाले तो ऋणभारित. विद्युद्भार नवा उत्पन्न होत नाहीं. वाण्याच्या वहींत एकाच्या खातीं जमा तितकेंच दुसऱ्याच्या नांवें, तसाच हा व्यवहार आहे.

हा व्यवहार तीन प्रकारें घडतो.

पहिला घर्षणानें. प्लॅस्टिकची फणी तेल न लाविलेल्या कोरड्या केसांवर घासली असतां केसांतील कांहीं इलेक्ट्रॉन फणीवर येतात. ती फणी कागदाच्या कपट्यांजवळ नेली कीं कपटे उडून तिला चिकटतात. वेंगुर्ल्यास आषाढांत हा प्रयोग करूं जाल तर बहुधा फसेल. दमट हवेनें फणीवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो व त्यावाटे विद्युद्भार निघून जातो. पौषांतील कोरडा दिवस त्यास बरा.

दुसरा स्पर्शानें. भारित धातूचा गोळा दुसऱ्या उदासीन गोळ्यास टेकविला तर भार दोहोंत वांटला जातो. धातु, ओली जमीन व मनुष्याचें शरीर हे वाहक होत. त्यांतून भार वाहतो. कोरडी कांच, लाख व प्लॅस्टिक हे अवाहक होत. त्यांवर तो जागच्या जागीं अडून राहतो. म्हणूनच पितळेचा गडवा हातांत धरून कितीही घासला तरी त्यावर भार टिकत नाहीं. तो आपल्या अंगावाटे भुईंत जातो.

तिसरा प्रवर्तनानें, म्हणजे स्पर्शावांचून. सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात, विजातीय जवळ ओढतात. ऋणभारित फणी जवळ येतांच कपट्यांतील इलेक्ट्रॉन किंचित् मागें सरतात, पुढील बाजू घन होते, आणि कपटा ओढला जातो.

आकाशांतही हेंच चालतें. ढगांत बर्फाचे सूक्ष्म स्फटिक व मऊ गारा एकमेकांवर आपटतात. हलके स्फटिक घनभारित होऊन वर जातात, जड गारा ऋणभारित होऊन खालीं राहतात. ढगाच्या ऋण तळामुळें खालील जमीन प्रवर्तनानें घन होते. माड, आंब्याचें झाड, किंवा उघड्या सड्यावर उभा असलेला मनुष्य, जें उंच असेल तेथें वीज पडण्याचा संभव अधिक. यास्तव वळवाच्या वेळीं व भातकापणींतील गडगडाटांत झाडाखालीं आसरा घेऊं नये. गडगडाट ऐकूं येतांच पक्क्या घरांत जावें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें ‘दामिनी’ हें मोबाइलवरील साधन विजेची सूचना देतें.

आतां मूळ प्रश्न. मनुष्याचें शरीर वाहक आहे. वीज एका सेकंदाच्या आंत त्यावरून व त्यांतून जमिनींत उतरते. गडव्यावर जो भार टिकला नाहीं तो त्याच्या अंगांत कसा टिकेल? म्हणून त्यास निःशंक हात लावावा. पुन्हां वीज पडण्याचें भय असल्यास त्यास प्रथम सुरक्षित जागीं न्यावें. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं मिनिटास 100 ते 120 वेळां जोरानें दाबीत राहावें व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेकांस वीज लागली असेल तर जो मेल्यासारखा दिसतो त्याजकडे आधीं धांवावें. थांबलेलें हृदय तत्काळ उपचारानें पुन्हां चालूं शकतें. शेणांत किंवा मातींत पुरून ठेवण्यानें कांहींएक लाभ नाहीं, उलट वेळ मात्र जातो.

एक भेद मात्र विसरूं नये. विजेच्या तारेस चिकटलेल्या मनुष्यास कदापि शिवूं नये, कारण तेथें प्रवाह अखंड चालूं असतो. आधीं तो बंद करवावा.

शिक्षकांनीं सायंशाळेंत फणी व कागदाचे कपटे घेऊन हा धडा दाखवावा, आणि शेवटीं विचारावें: वीज पडलेल्या शेजाऱ्याजवळ प्रथम कोण जाईल, व तारेस चिकटलेल्याजवळ जाण्यापूर्वीं काय करील? दोन्ही उत्तरें बिनचूक आलीं म्हणजे धडा समजला.