राजांच्या कबरी आणि संत डेनिसचे महामंदिर



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आपण फुले व मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातो. म्हणून या वेळच्या अभ्यासासाठी आम्ही असे एक चर्च निवडले आहे, जे एका राजसत्तेचे कबरस्तानच आहे. पॅरिसच्या उत्तरेला लागूनच सेंट डेनिस हे शहर आहे. फ्रेंच लोक 'सँ दनी' म्हणतात. आपल्याकडील मंडळी युरोपच्या यात्रेला गेली की आयफेल टॉवर पाहतात, लूर्ड्सला जातात. पॅरिसच्या मेट्रोने सहज गाठता येणारे हे महामंदिर मात्र बहुतेकांचे राहून जाते.

संत डेनिस हे तिसऱ्या शतकातील पॅरिसचे बिशप व रक्तसाक्षी. आपल्यातील सर्व डेनिसनी लक्षात ठेवावे, त्यांचा सण ९ ऑक्टोबरला असतो. शिरच्छेद झाल्यावर आपले मस्तक हातात घेऊन ते चालत गेले, ही दंतकथा. परंतु त्यांच्या कबरीवर चर्च उभे राहिले आणि त्या कबरीशेजारी जागा मिळावी अशी राजांची इच्छा असे, हा इतिहास आहे. राजा दागोबेर याला ६३९ साली तेथे पुरण्यात आले. पुढे ह्यू कापेपासून (मृत्यू ९९६) अठराव्या लुईपर्यंत (मृत्यू १८२४) थोडे अपवाद वगळता फ्रान्सचे सारे राजे तेथेच विसावले. एकूण ४२ राजे आणि ३२ राण्या. पुनरुत्थानाच्या दिवशी रक्तसाक्षीच्या सोबतीने उठावे आणि तोपर्यंत मठवासीयांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी, ही त्यामागची श्रद्धा. राजालाही दुसऱ्याच्या प्रार्थनेची गरज होती.

आज दिसणाऱ्या इमारतीची सुरुवात मठाधिपती स्यूजेर यांनी केली. त्यांनी बांधलेल्या वेदीमागील भागाचे समर्पण ११ जून ११४४ रोजी झाले. गॉथिक शैली तेथे प्रथम पूर्ण रूपात दिसली असे मानतात. टोकदार कमानी आणि फासळ्यांसारख्या आधारांवरून छताचा भार खांबांवर उतरवला, त्यामुळे जाड भिंतींची गरज उरली नाही आणि भिंतीच्या जागी रंगीत काचा आल्या. त्यांपैकी बाराव्या शतकातील काचा आता थोड्याच उरल्या आहेत. एका काचेवर मरियामातेच्या पायाशी लोटांगण घातलेले स्यूजेर दिसतात. संत बर्नार्ड यांना मठांच्या चर्चमधील श्रीमंती पसंत नव्हती. गरीब उपाशी असताना भिंतींना सोने कशाला, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल आपल्याही सभांत अधूनमधून उठतो आणि तो उठावाच.

प्रकाशाविषयीचा स्यूजेर यांचा ओढा एका गोंधळातूनही आला होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये पौलाच्या उपदेशाने विश्वास ठेवणारा दिओनुस्य अरीयपगकर भेटतो. त्याच्या नावाने साधारण सहाव्या शतकाच्या सुरुवातीस कोणा तत्त्वज्ञाने ग्रंथ लिहिले. दृश्य प्रकाशातून मन अदृश्य देवाकडे चढते, असा त्यांचा आशय. दिओनुस्य म्हणजेच डेनिस. तेव्हा मठात हे तिघेही एकच समजले गेले. याच मठात राहणाऱ्या आबेलार या तत्त्वज्ञाने शंका काढली, तर त्याच्यावर मठवासी इतके संतापले की त्याला पळून जावे लागले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला ही हकिगत फार आवडे.

आता कबरींकडे वळू या. तेथे ७० हून अधिक शयनमूर्ती आहेत. जुन्या मूर्ती पाहताना डोळ्यांकडे लक्ष द्यावे. राजे आडवे आहेत, पण डोळे उघडे आहेत. झोप नव्हे, प्रभूच्या येण्याची वाट पाहणे तेथे कोरलेले आहे. संत नववे लुई यांनी आपल्या पूर्वजांच्या अशा १६ मूर्ती करून घेतल्या.

सोळाव्या शतकातील कबरी दुमजली आहेत. बारावा लुई आणि राणी अ‍ॅन वरच्या मजल्यावर गुडघे टेकून प्रार्थना करीत आहेत. खाली तीच दोघे मृतावस्थेत, उघडी पडलेली. पोटावर शव टिकवण्यासाठी घातलेले टाकेसुद्धा शिल्पकाराने झाकलेले नाहीत. दुसऱ्या हेन्रीची राणी कॅथरीन द मेदिची हिने तर पती आणि स्वतःसाठी अशीच कबर घडवून घेतली. ती १५७३ च्या सुमारास पूर्ण झाली आणि राणी वारली १५८९ मध्ये. आपल्या प्रेताची मूर्ती तयार असताना ती सुमारे १६ वर्षे राज्यकारभारात वावरत होती. आपल्या कबरस्तानात ग्रॅनाईट कोणाचे अधिक चकचकीत याची जी चढाओढ चालते, तिच्याशी हे ताडून पाहावे.

१७९३ मध्ये राज्यक्रांतीच्या सरकारने या कबरी उघडल्या. शवपेट्यांचे शिसे गोळ्यांसाठी नेले आणि देह चर्चच्या उत्तरेस दोन खड्ड्यांत टाकले. अलेक्सांद्र लन्वार यांनी बऱ्याचशा मूर्ती संग्रहालयात नेऊन वाचवल्या. १८१७ मध्ये खड्डे उकरले, तेव्हा कोणाचे हाड कोणते हे सांगता येईना. सर्वांच्या अस्थी तळघरात एकत्र ठेवल्या आणि बाहेर शिलांवर नावे कोरली.

त्याच तळघरात एका काचपात्रात लहानसे हृदय आहे. सोळाव्या लुईचा मुलगा १७९५ मध्ये तुरुंगात वारला, वय अवघे दहा. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरने ते गुपचूप काढून घेतले होते. २००० साली डीएनए तपासणीत राणी मारी आंत्वानेतच्या कुळाशी त्याचा मेळ बसला आणि २००४ मध्ये ते येथे ठेवण्यात आले. राजाचा मुलगा म्हणून नव्हे, कोणीही जवळ नसताना गेलेले एक लेकरू म्हणून त्याच्यासाठी थांबून 'हे प्रभो, त्याला चिरशांती दे' एवढे म्हणावे.

कोणी जाणार असेल तर एक सूचना. हे केवळ संग्रहालय नाही, १९६६ पासून तेथील धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. कबरींच्या भागाला तिकीट लागते आणि रविवारी सकाळी मिस्सा असल्याने तो भाग दुपारपासून उघडतो. आधी मिस्सेला बसावे, मग कबरी पाहाव्यात. इतर वारी जाणाऱ्यांनी शक्यतो सकाळची वेळ धरावी. वेदीमागच्या काचांवर तेव्हा ऊन येते.