दगड, खडक आणि खनिज : फरक ओळखा, सौदा सांभाळा

कापडाच्या पेढीवर येऊन कोणी नुसते ‘कापड द्या’ म्हणाले तर सौदा पुढे सरकत नाही. सुती की रेशमी, निव्वळ की मिश्र, हे विचारावेच लागते. पण फरशी, ओटा, कत्बा किंवा अंगठीचा नगीना घेताना आपले अनेक बांधव ‘दगड’ या एका शब्दावर पैसे मोजून मोकळे होतात. या शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. त्या समजून घेतल्या तर पैसा वाचतो आणि कारीगराचा जीवही.

आम्ही कापडवाले, म्हणून दाखला कापडाचाच देतो.

खनिज म्हणजे सूत. ते निसर्गात तयार होते, घन असते, त्याची रासायनिक घडण ठरलेली असते आणि आतील कणांची रचना नियमित असते. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, अभ्रक, फेल्स्पार, कॅल्साइट ही खनिजे होत.

खडक म्हणजे त्या सुतापासून विणलेले कापड. ग्रॅनाइट हे मिश्र सुताचे कापड आहे. त्यात गारगोटी, फेल्स्पार आणि बहुधा अभ्रक यांचे दाणे डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. संगमरवर बहुतांशी एकट्या कॅल्साइटचा असतो.

दगड म्हणजे ठाणातून फाडलेला तुकडा. हा शास्त्राचा नव्हे, रोजच्या व्यवहाराचा शब्द आहे. खडकाचा तुकडाही दगड आणि नगीनाही दगड.

आपल्या महाराष्ट्राचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट हा खडक. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हापासून तो झाला. लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांनी त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत अकीक, झिओलाइट अशी खनिजे साचली. गुजरातेत भडोच जिल्ह्यातील रतनपूरचा अकीक मूळचा याच लाव्हातला. खंभातचे कारीगर तो तापवून लाल करतात, घासतात आणि त्याचे मणी पाडतात.

औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा पाहा. डोळ्यांना सगळे पांढरे दिसते. प्रत्यक्षात खालचा भाग आणि घुमट संगमरवरी आहेत, तर मधले बांधकाम बेसाल्टचे असून त्यावर गुळगुळीत गिलावा आहे. केवळ रंगावर माल ठरवू नये, हा धडा त्यातून घ्यावा.

मग पारख कशी करावी? 1812 साली मोह्स या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी पट्टी मांडली. संगजिरे 1, कॅल्साइट 3, फेल्स्पार 6, गारगोटी 7, हिरा 10. साधी काच साडेपाचच्या आसपास येते. चाकूच्या टोकाने संगमरवरावर चरा उठतो, ग्रॅनाइटच्या दाण्यांवर सहसा उठत नाही. अकीक ही गारगोटीचीच जात आहे, म्हणून तो काचेवर ओरखडा काढतो. ‘अकीक’ म्हणून काच दिली असेल तर भिंगातून आत गोल बुडबुडे दिसू शकतात. अकीक रंगवलाही जातो. रंगवलेला माल विकणे गैर नाही, ते लपवणे गैर आहे.

दुसरी पारख आंबटाची. संगमरवर, कडप्पा आणि शहाबादी फरशी यांत कॅल्साइट असते. लिंबाचा रस सांडला की पॉलिश उडून डाग राहतो. ग्रॅनाइटला तसे होत नाही. बाजारातील पुष्कळसा ‘काळा ग्रॅनाइट’ शास्त्राने ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. ओट्याला तोही चांगलाच, पण आपण काय घेतो ते माहीत असावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गारगोटीची बारीक धूळ फुफ्फुसात साचली की सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही, आणि क्षयाचा धोकाही वाढतो. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांनी हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. शुद्ध संगमरवराच्या धुळीत हा धोका फार कमी असतो. वालुकाश्म, ग्रॅनाइट आणि अकीक यांच्या धुळीत तो मोठा असतो. ‘क्वार्ट्झ’ नावाने विकल्या जाणाऱ्या कृत्रिम फरशीत तर गारगोटीचे प्रमाण 90 टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम फरशीच्या वापरावर बंदी घातली.

तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कापडवाले म्हणून हे आम्ही खात्रीने सांगतो, कारण विणीच्या छिद्रांपुढे ते कण फारच बारीक असतात. पाणी सोडून घासणे, धूळ ओढणारा पंखा बसवणे आणि धुळीसाठीच बनवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा वापरणे, हाच उपाय. मजुराला मुखवटा देण्याचा खर्च मालकाने मालाच्या किमतीत धरावा.

तेव्हा बांधवांनो, पुढच्या सौद्यात तीन प्रश्न विचारा : हा खडक कोणता? त्यात खनिज कोणते? आणि तो कापताना गारगोटीची धूळ उडते काय? पहिल्या दोन उत्तरांवर भाव ठरवा. तिसऱ्यावर कारखान्याची व्यवस्था ठरवा.