कात्रीआधी उजेड

(फेब्रुवारी संपत आला आहे. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात, सात वर्षांपूर्वी कमरेएवढं आणलेलं रबराचं झाड आता छताला टेकून वाकलं आहे. खोडाचा खालचा निम्मा भाग उघडा पडलाय. ऋताच्या हातात छाटणीची नवी कात्री आहे. मावशीने तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. तिचं सासर निफाडचं, घरची द्राक्षबाग.)

ऋता : बरं झालं आलीस मावशी. कात्री आणून आठ दिवस झाले, पण हात धजत नाही. सांग, कुठे कापू?

मावशी : कात्री ठेव बाजूला. हे झाड इथे कधीपासून उभं आहे?

ऋता : आणलं तेव्हापासून. सोफ्याशेजारी शोभून दिसतं ना!

मावशी : हॉलचे दिवे बंद कर आणि एक पांढरा कागद आण. झाडाशेजारी कागद आडवा धर आणि त्याच्यावर वीतभर उंच दुसरा हात धर. सावली पडते?

ऋता : सावली अशी नाही. नुसतं धूसर काहीतरी.

मावशी : आता तोच कागद बाल्कनीच्या दाराशी धर.

ऋता : इथे पाचही बोटं वेगळी दिसतात! पण मावशी, मला तर दोन्ही जागा सारख्याच उजेडाच्या वाटत होत्या.

मावशी : आपल्या डोळ्यांची बाहुली अंधारात मोठी होते, म्हणून आपल्याला कळत नाही. बाहेर भर उन्हात जवळजवळ एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत आलं की कित्येकदा शे-दोनशे उरतो. त्यात आपण खुशाल पेपर वाचतो. झाडाला मात्र त्या उजेडावर स्वयंपाक करायचा असतो. जरा खाली वाक आणि खोडावर बोट फिरव. हे आडवे वण लागतात का हाताला?

ऋता : हो, बांगडीसारखे. खोडाला वेढा घालून आहेत.

मावशी : एकेक पान जिथे होतं ती ही पेरं. खालपासून वर मोज बरं त्यांच्यातलं अंतर.

ऋता : खाली अगदी जवळजवळ आहेत. चार बोटांत तीन. मधे वाढलंय. आणि वर... वर तर पान आणि पान यांच्यात वीतभर जागा आहे!

मावशी : खालचा भाग नर्सरीतला, उघड्यावर वाढलेला. वरचा तुझ्या हॉलमधला. उजेड कमी पडला की झाड पानांवर खर्च कमी करतं आणि खोड ताणत सुटतं, कुठेतरी वर ऊन असेल या आशेने. जंगलात ती आशा खरी ठरते. तुझ्या घरात वर छत आहे.

ऋता : म्हणजे मला वाटत होतं झाड जोमाने वाढतंय, आणि ते बिचारं उजेड शोधत होतं.

मावशी : वाईट वाटून घेऊ नकोस, बहुतेक घरांत असंच होतं. आता या वणाच्या बरोबर वर बघ. बारीक टोक दिसतं?

ऋता : तिळाएवढं काहीतरी आहे.

मावशी : तो डोळा. पानाच्या बगलेत असा एक डोळा असतोच. पान गळून गेलं तरी पुष्कळदा तो खोडात जिवंत राहतो.

ऋता : मग इतकी वर्षं तो फुटला का नाही?

मावशी : शेंड्यामुळे. शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि खोडातून खाली उतरत राहतं. ते उतरतंय तोवर खालचे डोळे निजलेले राहतात. 1933 साली थिमन आणि स्कूग या दोघांनी बाकल्याच्या रोपांवर हे दाखवलं. शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात. पण कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं, तर शेंडा नसूनही डोळे गप्प बसतात.

ऋता : तुळशीची मंजिरी खुडली की तुळस डवरते, ती याचमुळे?

मावशी : त्याचमुळे. मिरचीचा शेंडा आपण खुडतो तोही त्याचसाठी. पण गोष्ट इथे संपत नाही. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्याच्या वेलावर पाहिलं, की शेंडा कापल्यावर खालचे डोळे फार लवकर हलतात. त्यांच्याजवळचं ऑक्झिन कमी होण्याच्या आधीच. मग त्यांना उठवलं कुणी? तर साखरेने. वाढता शेंडा पानांत तयार झालेली साखर सगळी स्वतःकडे ओढत असतो. तो गेला की ती साखर डोळ्यांच्या वाट्याला येते आणि ते जागे होतात.

ऋता : आणि साखर येते उजेडातून.

मावशी : आता तूच सांग, आज कापायचं का?

ऋता : थांब. उजेड नाही, म्हणजे साखर नाही. मी शेंडा कापला तर डोळ्यांना हाक जाईल, पण त्यांना द्यायला घरात काही नसेल.

मावशी : शाब्बास. कोपऱ्यातलं झाड छाटलं की कुठे एखादा डोळा फुटतो, तोही लांब, केविलवाणा, फिक्या पानांचा. मग लोक म्हणतात, आमच्या हाताला गुण नाही. हाताचा काही दोष नसतो, जागेचा असतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते तेव्हा ये एकदा. हिरवीगार बाग डोळ्यांदेखत बोडकी होते. ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एकेक-दोन-दोन डोळे राखतात, बाकी सगळं खाली.

ऋता : ऐन उन्हाळ्यात? वेल सोसतात?

मावशी : ऊन असतं म्हणून तर सोसतात. त्या छाटणीनंतर जी काडी येते, तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात, आणि त्यांना काडीवर पडणारा उजेड लागतो. एप्रिल-मे-जूनमध्ये आभाळ भरून राहिलं की बागायतदाराच्या तोंडचं पाणी पळतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीला कळतं, काडीत माल किती आहे ते. कात्री चालवायला कुणीही शिकतं गं. छाटणीमागे ऊन आहे की नाही, हे आधी बघायचं.

ऋता : मग या झाडाचं काय करू? क्रमाने सांग, मी लिहून घेते.

मावशी : आधी पानं पूस. हे बघ, माझ्या बोटाला किती धूळ आली. पानाखाली एक हात धर आणि ओल्या मऊ फडक्याने देठाकडून टोकाकडे पूस. चकाकीसाठी खोबरेल लावू नकोस, त्यावर धूळ आणखी बसते. पुसताना पानाच्या पाठीवर आणि देठाच्या बगलेत नजर टाक. कापसाचे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या कापसाने टिपून काढ. पुन्हा आला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवार.

ऋता : आणि जागा?

मावशी : बाल्कनीच्या दाराशी न्यायचं, पण एकदम नाही. सात वर्षं सावलीत राहिलेलं पान थेट उन्हात करपतं. आठ दिवस दारापासून चार हातांवर ठेव, मग दोन हातांवर, मग दाराशी. सकाळचं कोवळं ऊन मिळू दे, दुपारचं नको. पंधरा दिवसांनी कुंडीला पाव फेरा दे. मग वाट बघ. शेंड्याला टोकदार लालसर म्यान असतं, त्यातून नवं पान उलगडतं. आधीच्या पानापासून कमी अंतरावर पान आलं की समज, झाडाला उजेड पोचला.

ऋता : आणि मग कापू?

मावशी : मग गुटी बांधायची, म्हणजे झाडावर असतानाच शेंड्याला मुळं फुटवायची. एवढा उंच शेंडा कचऱ्यात कशाला टाकायचा? मृगाचा पाऊस सुरू झाला की हवा दमट होते, गुटीला लावलेलं शेवाळ सुकत नाही. खोडावर पेराच्या जरा खाली दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची. पांढरा चीक भळभळून येईल, घाबरू नकोस, ओल्या फडक्याने टिपत राहा. हातमोजे मात्र घाल, तो चीक कातडीला झोंबतो, डोळ्यांत तर मुळीच जाऊ द्यायचा नाही. उघड्या भागावरचा बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर लावायचं, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं घट्ट बांधायची.

ऋता : साल काढली तर वरचा भाग वाळणार नाही?

मावशी : नाही. पाणी वर जातं ते आतल्या लाकडातून, ते शाबूत आहे. पानांतली साखर खाली उतरते ती सालीतून. ती वाट तोडली की साखर आणि ऑक्झिन दोन्ही तिथे साठतात, आणि त्यांतून मुळं फुटतात.

ऋता : पुन्हा साखरच!

मावशी : सगळीकडे तीच आहे. महिना-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतील. ती भरपूर झाली की त्यांच्या खाली काप आणि शेंडा वेगळ्या कुंडीत लाव. खालच्या खोडाला ऐन श्रावणात फुटवे येतील.

ऋता : किती उंचीवर कापायचं?

मावशी : झाड जेवढं हवं त्याच्या हात-दीड हात खाली, कारण फुटवा वरच चढणार. पण कापाच्या खाली पाच-सहा धडधाकट पानं राहिली पाहिजेत, आणि एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त झाड काढायचं नाही. राहिलेली पानं हीच चूल. आणि कापल्यावर पाणी कमी कर. पानं कमी म्हणजे तहान कमी. बोटाची दोन पेरं मातीत घाल, कोरडी लागली तरच पाणी. छाटलेल्या झाडाला कौतुकाने पाणी घालत राहिलं, तर मुळं कुजून ते जातं. गांडूळखतही नवे फुटवे दिसल्यावरच.

ऋता : हे झाड मुळात आलं कुठून गं? मला वाटायचं, रबर म्हणजे ब्राझील.

मावशी : टायरचं रबर ज्या झाडाचं, ते ब्राझीलचं. हे आपलं आहे, वडा-पिंपळाच्या कुळातलं. आसाम-मेघालयापासून पुढे इंडोनेशियापर्यंत याची जंगलं. एकोणिसाव्या शतकात आसामात याच्या चिकापासूनही रबर करत. मेघालयात खासी आणि जैंतिया लोक याच्या हवेतल्या मुळांना सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडातून वाट दाखवत ओढ्यापलीकडे नेतात. ती मुळं पलीकडच्या जमिनीत रुजतात आणि वर्षानुवर्षं जाड होत त्यांचा पूल बनतो. नोंग्रियाट गावात तर एकावर एक असा दुमजली पूल आहे. झाडाला कुठे जायचंय ते ओळखून ते त्याला वाट करून देतात. आपणही घरात तेवढंच करायचं.

ऋता : बाल्कनीतली अरेका पामही फार वाढलीय. तिचाही शेंडा मारू का?

मावशी : अजिबात नको! तिला रबरासारखे खोडभर डोळे नसतात. प्रत्येक दांड्याचा वाढीचा कोंब एकच, तो शेंड्यात. कोकणात विचार, गेंड्या भुंग्याने माडाचा कोंब खाल्ला की माड गेला. पामची पूर्ण वाळलेली झावळी तेवढी काढ. पान अर्धं हिरवं असेल तर राहू दे, झाड त्यातलं सत्त्व परत घेत असतं. गर्दी झाली असेल तर एखादा दांडा थेट बुंध्यापासून काढ.

ऋता : आणि तो मॉन्स्टेरा? भोकाभोकांच्या पानांचा?

मावशी : तो वेल आहे, मेक्सिको-पनामाकडच्या जंगलातला, झाडावर चढणारा. त्याला आधाराची काठी दे. हवेतली मुळं कापू नकोस, शेवाळाच्या काठीकडे किंवा कुंडीत वळव. तुकडा लावायचा तर पेरासकट घे. नुसतं पान देठासह पाण्यात ठेवलंस तर महिनोन्‌महिने हिरवं राहील, पण वेल होणार नाही, कारण त्यात डोळाच नाही. आणि हे अळूचं कुळ बरं का! मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, मनी प्लांट, सगळी अळूची भावंडं. अळूच्या फदफद्यात आपण चिंच का घालतो?

ऋता : घशाला खाजू नये म्हणून.

मावशी : ते खाजवणारे सुईसारखे स्फटिक यांच्यातही असतात. डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंड-जीभ सुजते. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात ही झाडं उंचावर ठेवायची, आणि छाटणीनंतर हात स्वच्छ धुवायचे.

ऋता : म्हणजे आज काहीच कापायचं नाही?

मावशी : ते तळाचं पिवळं पान काढ. त्याला कात्री लागायची नाही, हात लावलास तरी येईल. आणि शिवणाच्या डब्यातला लाल दोरा दे मला.

(पान अलगद सुटून ऋताच्या हातात येतं. देठाच्या जागी चिकाचा एक पांढरा थेंब उभा राहतो. मावशी टाचा उंचावून वरून पाचव्या पेराखाली दोरा बांधते.)

मावशी : गुटी इथे. मृगापर्यंत हा दोरा सुटता कामा नये.

ऋता : खाली सहा पानं राहतात. म्हणजे सहा डोळे, आणि उघड्या खोडावरचे वेगळे. चल, दुसरी बाजू धर. चार हातांवर म्हणालीस ना?

(दोघी मिळून कुंडी सरकवतात. फरशीवर सात वर्षांचा ओला गोल डाग उरतो. कात्री शिवणाच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळाशेजारी.)