नीट हुकली तरी डोळ्यापर्यंत वाट आहे

घरात आजी-आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर दवाखान्याच्या फाइलमध्ये लेन्सचं स्टिकर शोधा. त्यावर कंपनीचं नाव, लेन्सचा नंबर, सिरीयल नंबर असतो. लेन्स बसवली डॉक्टरांनी, पण घडवली दुसऱ्याच कुणीतरी. मुलगी ‘डोळ्यांचं काहीतरी करायचंय’ म्हणाली की पालकांना फक्त वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा आठवते. हा दुसरा माणूस आठवत नाही.

तो अगदी पहिल्यापासून आहे. लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी 1949मध्ये पहिली कृत्रिम लेन्स डोळ्यात बसवली, ती रेनर कंपनीच्या जॉन पाइक यांच्या मदतीने घडली होती. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 1992मध्ये ऑरोलॅब काढली, कारण परदेशी लेन्स गरिबाला परवडत नव्हती. स्वस्त झाली ती कारखान्यामुळे.

आता काम कसलं, ते पाहा. लेन्सचं भिंग साधारण 6 मिलिमीटरचं, आणि डोळ्याला द्यायचा छेद मात्र अडीच मिलिमीटरच्या आसपास. मऊ अॅक्रिलिकची लेन्स घडी करून प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये ठेवतात, घसरावी म्हणून आत जेल भरतात आणि इंजेक्टरचा दट्ट्या दाबून डोळ्यात सोडतात. तिथे ती हळूहळू उलगडते. कार्ट्रिजच्या टोकाशी साच्याची बारीकशी कड राहिली, तर लेन्सवर ओरखडा येतो. म्हणजे शल्यविशारदाच्या हाताइतकाच साचा करणाऱ्याचा हातही नेमका हवा. लेन्स कातायची ती हिऱ्याच्या हत्याराने, लेथवर. लेथ म्हटलं की नाक मुरडणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावं.

दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला सिपेट आणि इंडो-जर्मन टूल रूम या संस्थांमध्ये प्लास्टिक आणि साच्यांचे डिप्लोमा आहेत. बारावी विज्ञाननंतर ऑप्टोमेट्री करता येते. डोळ्याची लांबी मोजून लेन्सचा नंबर काढणं हे त्यातलं जबाबदारीचं काम. या मापात एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. पॉलिमर किंवा रसायनशास्त्र शिकलेल्यांना लेन्सच्या पदार्थावर काम आहे. शिवाय 2017च्या वैद्यकीय उपकरण नियमांमुळे दर्जा तपासणारी आणि परवान्याची कागदपत्रं सांभाळणारी माणसं कंपन्यांना लागतातच.

बायोमेडिकल इंजिनीअरिंगबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. नाव भारदस्त आहे, पण कॉलेज बेताचं असेल तर नोकरी बहुधा मशीन दुरुस्तीची किंवा विक्रीची मिळते. त्यात कमीपणा नाही, पण कल्पना आधी असावी. उपकरण घडवायचंच असेल, तर चांगल्या कॉलेजातून मेकॅनिकल करून पुढे या क्षेत्रात शिरणं मला अधिक भरवशाचं वाटतं. लेन्सचे कारखाने देशात मोजके आहेत, तेव्हा घर सोडायची तयारीही हवी.

फी भरण्याआधी कॉलेजला दोनच गोष्टी विचारा: प्रयोगशाळेत मुलं स्वतःच्या हाताने काय बनवतात, आणि मागच्या वर्षीची मुलं नेमकी कुठे लागली? उत्तर लेखी मागा.