दादीचे इंग्रजी चरित्र

(आपल्या घरात उर्दू बोलली जाते. शाळेत आपण मराठी आणि इंग्रजीही शिकतो. जी भाषा अजून पुरती आली नाही, त्या भाषेत एखाद्या व्यक्तीचे चरित्र कसे लिहावे, हे या पाठात लेखिकेने सांगितले आहे. त्यासाठी त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आणि आपल्या वर्गातील एका मुलीचे उदाहरण दिले आहे.)

मुलांनो, इंग्रजीच्या पेपरात ‘एखाद्या व्यक्तीचे चरित्र लिहा’ असा प्रश्न आला, तर तुम्ही काय करता? गाइडमधल्या पाठ केलेल्या ओळी आठवता, होय ना? ‘ही वॉज अ ग्रेट मॅन. ही वॉज व्हेरी काइंड.’ महात्मा फुले असोत, मौलाना आझाद असोत, डॉ. अब्दुल कलाम असोत, सगळ्यांच्या अंगात आपण हाच एक सदरा घालतो. मीही शाळेत असताना असेच लिहीत असे. मला गुणही मिळत. पण मी कोणाकोणाची चरित्रे लिहिली, ते आज मला आठवत नाही. ज्यांच्याविषयी मी काही विचारले नव्हते, ते माझ्या लक्षात कसे राहणार?

मी कोलशेत येथे नववीच्या वर्गाला शिकवते. एके वर्षी मी मुलांना सांगितले, “या वेळी मोठ्या माणसाचे चरित्र नको. तुमच्या घरातील एका व्यक्तीचे चरित्र इंग्रजीत लिहून आणा.” एका मुलीने आपल्या दादीचे चरित्र लिहिले. तिचे पहिले वाक्य असे होते : ‘माय ग्रँडमदर वेअर बॉर्न इन अ व्हिलेज.’ पुढे होते : ‘दे केम टु भिवंडी.’ मी प्रत्येक ‘वेअर’खाली आणि प्रत्येक ‘दे’खाली लाल रेघ ओढली. पान लाल झाले. दहापैकी तीन गुण देऊन मी वही परत केली.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “टीचर, उर्दूत आपण ‘दादी आईं’ म्हणतो. मराठीत तुम्हीच शिकवले की ‘बाई आल्या’ म्हणावे. मग इंग्रजीत दादीला एकवचन का? ‘शी वॉज’ तर मी माझ्या धाकट्या बहिणीविषयी लिहिते. दादीविषयीही तेच लिहिले, तर दादीचा मान कुठे गेला?”

मी तिला नियम सांगितला. उर्दूत आणि मराठीत आदरार्थी अनेकवचन असते, इंग्रजीत ते नसते. राणी असो वा मोलकरीण, ‘शी वॉज’ असेच लिहायचे. तिने मान डोलावली. पण तिचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या जवळच, कल्याणात सापडले. कोलशेतच्या खाडीवर उभे राहा. उल्हास नदीचे जे पाणी आपल्यासमोरून घोडबंदरकडे जाते, तेच आधी कल्याणच्या काठाने वाहत आलेले असते. त्या कल्याणात यमुना नावाच्या मुलीचे बालपण गेले. ३१ मार्च १८६५ हा तिचा जन्मदिवस. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. पती गोपाळराव जोशी हे पोस्टात नोकरीला होते. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले गेले. गोपाळरावांना बायकोला शिकवण्याचा ध्यास होता. बदली होईल त्या गावी ते तिला शिकवत राहिले.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो फक्त दहा दिवस जगला. त्या काळी स्त्रियांवर उपचार करायला स्त्री-डॉक्टर मिळत नसे. आपण डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील एका पाद्र्यांना पत्र लिहिले होते. ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापले गेले. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कारपेंटर यांनी ते वाचले. दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहताना ते मासिक त्यांच्या हाती पडले, असे सांगतात. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले, आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्या वेळी आनंदीबाईंचे वय पंधरा वर्षांचे होते. म्हणजे तुमच्याएवढेच! इंग्रजी ही त्यांच्या घरची भाषा नव्हती. त्या अजून ती शिकत होत्या. तरी त्यांनी न पाहिलेल्या एका बाईंना आपल्या घराविषयी, चालीरीतींविषयी, आपल्या इच्छेविषयी इंग्रजीत लिहिले.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे सोपवला जाणार होता. पण क्षयरोगाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला अजून महिनाभर बाकी होता.

आता आपल्या विषयाकडे वळू. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात त्यांची दोन चरित्रे निघाली. कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने इंग्रजीत लिहिलेले चरित्र १८८८ साली बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले. त्यासाठी आनंदीबाईंनी लिहिलेली पत्रे उपयोगी पडली. दुसरे चरित्र मराठीत काशीबाई कानिटकर यांनी लिहिले. काशीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर त्या वाचायला शिकल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या. त्यांच्या पुस्तकातही चरित्राबरोबर पत्रे आहेत.

पाहा, मराठीत काशीबाईंना ‘आनंदीबाई गेल्या’ असे लिहिता आले. डॉल यांना मात्र ‘शी वेंट’ असेच लिहावे लागले. म्हणून इंग्रजी पुस्तकात आनंदीबाईंचा मान कमी झाला का? मुळीच नाही. ‘त्या फार थोर होत्या’ एवढेच वाचून आपल्या डोळ्यांपुढे काही येत नाही. पण ‘चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवस जगले, आणि सात वर्षांनी ती डॉक्टर झाली’ हे वाचले की आपली मान आपोआप लवते. येथे क्रियापद एकवचनी आहे, पण मान पूर्ण आहे. इंग्रजीत आदर क्रियापदात राहत नाही. तो खऱ्या, नेमक्या माहितीत राहतो.

हे मी त्या मुलीला सांगितले आणि तिला वही परत दिली. म्हणाले, “दादीजवळ बस. विचार. मग पुन्हा लिही.”

मुलांनो, चरित्र लिहिणे म्हणजे आधी विचारणे. मौलाना हाली यांनी मिर्झा गालिब यांचे ‘यादगार-ए-गालिब’ लिहिले आणि सर सय्यद अहमद खान यांचे ‘हयात-ए-जावेद’ लिहिले. हाली या दोघांनाही जवळून ओळखत होते. तुम्हीही आपल्या घरातील माणसांच्या जवळ राहता. ही केवढी मोठी सोय आहे!

दादीला विचारले, “तुमचा जन्म कोणत्या साली झाला?” तर त्या म्हणाल्या, “मला काय ठाऊक?” अशा वेळी प्रश्न बदलावा. मुलीने विचारले, “तुम्ही भिवंडीला कधी आलात?” दादी म्हणाल्या, “मोठा दुष्काळ पडला, त्या साली. माझे नवे लग्न झाले होते.” महाराष्ट्रातील मोठा दुष्काळ १९७२ चा. साल सापडले! दुष्काळ, पूर, निवडणूक, घरातील लग्न अशा खुणांवरून साल शोधता येते. पण एकदा शोधले म्हणजे खरे झाले, असे समजू नका. दुसऱ्याला विचारून पडताळा घ्या. आनंदीबाईंचा जन्म काही पुस्तकांत कल्याणचा सांगितला आहे, तर काहींत पुण्याचा. छापलेल्या पुस्तकांतही असे होते.

नावाचे स्पेलिंगही आधी ठरवून घ्यावे. डॉल यांच्या पुस्तकाच्या नावात ‘आनंदाबाई’ असे छापले आहे. तुमच्या दादीचे नाव एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरे होऊ देऊ नका. रेशनकार्डावर असेल ते लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

त्यानंतर शब्दांची अडचण येते. दादी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरत असत. ‘कांडी’ला इंग्रजीत काय म्हणावे? मुलीने शब्दकोश पाहिला आणि ‘बॉबिन’ हा शब्द घेतला. पण वाचणाऱ्याला तेवढ्याने कळणार नाही, म्हणून तिने पुढे एक वाक्य जोडले : कांडी ही एक लहान काठी असते, तिच्यावर सूत गुंडाळतात आणि ती मागाच्या धोट्यात बसवतात. हे उत्तम केले. मोठा शब्द येत नसेल, तर छोट्या शब्दांत समजावून सांगावे. वाचणारा आपल्या मोहल्ल्यातला नाही, हे लक्षात ठेवावे.

वाक्ये छोटी ठेवावी. एका वाक्यात एक गोष्ट सांगावी. घडून गेलेली गोष्ट भूतकाळात लिहावी. आता तिचे वाक्य असे झाले : ‘शी फिल्ड बॉबिन्स फॉर नाइन्टीन इयर्स.’ एकोणीस वर्षे! हा आकडा दादीच्या तोंडून आला होता. यापुढे ‘शी वॉज व्हेरी हार्डवर्किंग’ हे वाक्य लिहायची गरजच उरली नाही. तिने ते स्वतःच खोडले.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती मी तिला शिकवली नव्हती. तिने चरित्र दादीला वाचून दाखवले. एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि लगेच त्याचे उर्दू करून सांगायचे. दादी डोळे मिटून ऐकत होत्या. ‘शी हॅड फोर चिल्ड्रन’ हे वाक्य आले, तेव्हा दादींनी हात वर केला. म्हणाल्या, “चार नाही, पाच. पहिली मुलगी होती. भिवंडीला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गेली. तुझ्या अब्बांच्या आधीची.”

ही गोष्ट त्या घरातील मुलांना माहीत नव्हती. मुलीने लगेच लिहिले नाही. आधी विचारले, “दादी, हे लिहू का?” दादी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “लिही. तिचे नावही लिही. कुठे तरी लिहिलेले राहील.”

दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर आली. व्याकरणाच्या दोन चुका होत्या. एका ठिकाणी अजूनही ‘दे’ राहिले होते. मी त्याखाली या वेळी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. ‘शी हॅड फाइव्ह चिल्ड्रन’ या वाक्यापुढे एका लहान मुलीचे नाव होते. त्या नावाचे स्पेलिंग बरोबर की चूक, हे ठरवायला कोणतेही रेशनकार्ड नव्हते. मी ते तसेच ठेवले.

मुलांनो, तुमचे इंग्रजी कच्चे असेल. माझेही एकेकाळी कच्चे होते. भाषा हळूहळू पक्की होईल. पण घरातील वडीलधारी माणसे तोपर्यंत थांबतीलच असे नाही. म्हणून आजच त्यांच्याजवळ बसा आणि विचारा.

शब्दार्थ

चरित्र – सवानेह, एखाद्याच्या जीवनाची हकिगत
आदरार्थी – मान देण्यासाठी वापरलेले
ध्यास – एकच गोष्ट सतत मनात असणे
क्षयरोग – टीबी
मान लवणे – आदराने मस्तक झुकणे
पडताळा घेणे – खरे आहे की नाही हे तपासणे
धोटा – मागावर आडवे सूत नेणारे साधन
खूण – निशाणी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) आनंदीबाईंचे लग्नापूर्वीचे नाव काय होते?
(२) आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी केव्हा मिळाली?
(३) आनंदीबाईंचे मराठी चरित्र कोणी लिहिले?
(४) दादी भिवंडीला आल्या ते साल मुलीने कशावरून शोधले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मुलीने ‘वेअर’ आणि ‘दे’ हे शब्द का वापरले होते?
(२) ‘इंग्रजीत आदर क्रियापदात राहत नाही’ असे लेखिका का म्हणतात?
(३) दादीने चरित्रातील कोणती चूक दाखवली? मुलीने लिहिण्यापूर्वी काय केले?

प्र. ३. आदरार्थी अनेकवचन वापरून वाक्ये पुन्हा लिहा.
(१) आजी बाजारातून आली.
(२) टीचर वर्गात शिकवत होती.
(३) काका उद्या कल्याणला जाईल.

प्र. ४. उपक्रम : घरातील वयाने मोठ्या व्यक्तीला दहा प्रश्न विचारा. उत्तरे उर्दूत टिपून घ्या. त्यांवरून मराठीत दहा आणि इंग्रजीत दहा वाक्ये लिहा. लिहिलेले त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि मगच वर्गात आणा.