आधी खचवा, मग बांधा!

वाशिम जिल्ह्यातील काळी माती तुमच्या चांगल्याच ओळखीची असेल. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पायाला चिकटून चपलाही ओढून घेते. तळ्याच्या काठी साचलेल्या अशा मऊ चिखलावर एक वीट ठेवून पाहा. वीट थोडी रुतते आणि थांबल्यासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी पाहिले तर ती आणखी खाली गेलेली असते. वीट तीच, चिखलही तोच. मग ती एकदमच पूर्ण का रुतली नाही? तिने इतका वेळ का घेतला?

प्रश्न साधा दिसतो, पण मोठमोठ्या इमारती, बंदरे आणि विमानतळ यांचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

पाणी बाहेर पडल्याशिवाय माती दबत नाही

ओल्या चिकणमातीत मातीचे कण आणि कणांमधील पोकळ्यांत भरलेले पाणी असे दोन घटक असतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. कणही दाबले जात नाहीत. म्हणजे माती दबायची असेल तर पोकळ्या लहान व्हायला हव्यात, आणि पोकळ्या लहान व्हायच्या असतील तर त्यांतील पाणी बाहेर निघायला हवे.

इंजेक्शनची एक मोठी पिचकारी घ्या. तिच्यात एक स्प्रिंग ठेवून ती पाण्याने भरली आहे आणि तोंड बोटाने बंद केले आहे अशी कल्पना करा. दट्ट्यावर वजन ठेवले तरी तो हलणार नाही, कारण सगळा भार पाण्याने पेललेला असतो. आता बोट किंचित सैल करा. पाणी थेंब थेंब बाहेर येईल, दट्ट्या हळूहळू खाली सरकेल आणि भार पाण्याकडून स्प्रिंगकडे जाईल. पुरेसे पाणी निघून गेले आणि सगळा भार स्प्रिंगने उचलला की दट्ट्या थांबेल. येथे स्प्रिंग म्हणजे मातीच्या कणांचा सांगाडा आणि पिचकारीचे बारीक छिद्र म्हणजे चिकणमातीतील अतिसूक्ष्म वाटा. या क्रियेला मातीचे ‘दृढीकरण’ म्हणतात.

वाळूतील वाटा मोठ्या असतात, म्हणून वाळूवर भार पडताच पाणी निघून जाते. चिकणमातीचे कण मात्र एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतात. त्यांच्यामधून वाट काढताना पाण्याला महिने नव्हे, वर्षे लागतात.

अंतर दुप्पट, वेळ चौपट

ही क्रिया गणितात बसवली कार्ल टेर्झागी या अभियंत्याने. इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना त्याने मातीवर प्रयोग केले आणि १९२५ मध्ये त्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. आधुनिक मृदायांत्रिकीचा जन्म त्या ग्रंथापासून मानतात.

टेर्झागीच्या सिद्धांतातून एक महत्त्वाचा नियम निघतो. दृढीकरणाला लागणारा वेळ हा पाण्याला बाहेर पडण्यासाठी जे अंतर कापावे लागते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट, तिप्पट झाले तर नऊपट.

आता एक उदाहरण करू. खडकावर दहा मीटर जाडीचा मऊ गाळ आहे. खाली खडक असल्याने पाणी फक्त वरूनच निघू शकते. खाडीच्या गाळात आढळेल असा एक गुणांक धरून हिशेब केला, तर नव्वद टक्के खचणे पूर्ण व्हायला सुमारे पंच्याऐंशी वर्षे लागतात! अशा जमिनीवर आज इमारत बांधली तर आपल्या नातवंडांच्या काळातही ती खचतच राहील. सगळी इमारत सारखी खचली तर एक वेळ चालेल, परंतु एक कोपरा अधिक आणि दुसरा कमी खचला की भिंतींना तडे जातात, नळ तुटतात, दारे बसेनाशी होतात.

वेळ मिळाला तर अशी माती किती सुधारते याचा पुरावा इटलीतील पिसा येथे उभा आहे. तेथील कलत्या मनोऱ्याचे काम ११७३ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत आल्यावर ते थांबले आणि जवळजवळ शंभर वर्षे बंद राहिले. त्या काळात खालच्या चिकणमातीतील पाणी निघून ती बळकट झाली. काम न थांबता चालू राहिले असते तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असे अभियंत्यांचे गणित सांगते.

पण आपल्याला शंभर वर्षे थांबता येत नाही. मग उपाय काय?

पाण्याला जवळची वाट

उपाय शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. सोयाबीनच्या शेतात पाणी साचू नये म्हणून रुंद वरंबा आणि सरी काढतात. वरंब्यातील पाण्याला शेताच्या बांधापर्यंत जावे लागत नाही, ते जवळच्या सरीत उतरते. सऱ्या जितक्या जवळ, तितका निचरा लवकर.

अभियंते हेच करतात, पण त्यांच्या सऱ्या आडव्या नसून उभ्या असतात. मऊ गाळाच्या थरात ठरावीक अंतरावर खोल छिद्रे पाडून ती वाळूने भरतात. दहा मीटर खाली असलेल्या पाण्यालाही मग वर दहा मीटर चढून जाण्याची गरज उरत नाही. अर्धा-पाऊण मीटर बाजूला सरकले की त्याला वाळूची मोकळी वाट मिळते.

या वालुकास्तंभांचे पेटंट अमेरिकेत डॅनियल मोरान याने १९२६ मध्ये घेतले आणि १९३० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील रस्ते खात्याने त्यांचे प्रयोग केले. स्वीडनमध्ये वॉल्टर चेलमन याने वाळूऐवजी सुमारे दहा सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशा पुठ्ठ्याच्या पट्ट्या जमिनीत खोचल्या. आज पुठ्ठ्याची जागा प्लॅस्टिकने घेतली आहे, पण पट्टीची रुंदी जवळजवळ तीच राहिली आहे. आत खाचा असलेली प्लॅस्टिकची पट्टी असते आणि भोवती गाळणीसारखे कापड असते. कापडातून पाणी आत येते, मातीचे कण मात्र बाहेरच राहतात.

एक पोकळ पोलादी नळी ही पट्टी घेऊन यंत्राच्या जोराने गाळात शिरते. तळाशी पोहोचल्यावर नळी वर ओढून घेतात आणि पट्टी खालीच राहते. साधारणपणे एक ते दोन मीटर अंतरावर अशा पट्ट्या बसवल्या जातात. त्यांची वरची टोके वाळूच्या एका आडव्या थरात उघडतात, म्हणजे वर आलेले पाणी वाहून जाते.

मात्र वाट दिली म्हणून पाणी आपण होऊन निघत नाही. त्याला ढकलावे लागते. म्हणून जमिनीवर मुरूम किंवा मातीचा उंच भराव रचतात. तीन मीटर उंचीचा भराव दर चौरस मीटरवर साडेपाच ते सहा टन भार टाकतो. जमीन खचू लागते. किती खचली हे रोज मोजतात, पाण्याचा दाब किती उतरला हेही पाहतात. खचणे जवळजवळ थांबले की जादा भराव काढून घेतात आणि मगच बांधकाम सुरू होते.

वरच्याच उदाहरणात सव्वा मीटर अंतरावर पट्ट्या बसवल्या तर पंच्याऐंशी वर्षांचे काम साधारण एका वर्षावर येते. वर्गाच्या नियमाने तुम्ही हिशेब केलात तर वेळ याहूनही कमी येईल. पण चहूबाजूंचे पाणी एका अरुंद पट्टीकडे गर्दी करते, त्यामुळे तितका लाभ पदरात पडत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. उभ्या निचऱ्यांमुळे जमीन कमी खचत नाही, ती लवकर खचते. जे खचणे इमारतीखाली झाले असते ते आधीच उरकून घ्यायचे, एवढेच हे तंत्र आहे.

उरणच्या खाडीत आणि जपानच्या समुद्रात

महाराष्ट्रात या तंत्राची खरी गरज कोकण किनाऱ्यावर भासते. ठाणे, पनवेल, उरण या भागांतील खाड्यांच्या काठी मऊ सागरी गाळाचे जाड थर आहेत. त्यात शंभर किलो कोरड्या मातीमागे कित्येकदा ऐंशी ते शंभर किलो पाणी असते. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथील चौथ्या कंटेनर टर्मिनलचा पहिला टप्पा २०१८ मध्ये सुरू झाला. त्यासाठी भराव घालून जमीन तयार करताना खालच्या गाळात अशा पट्ट्या बसवण्यात आल्या. भारतीय मानक संस्थेने या कामाची मार्गदर्शक तत्त्वे २००४ मध्ये प्रसिद्ध केली आहेत.

या तंत्राची मर्यादाही पाहा. जपानमधील कानसाई विमानतळ समुद्रातील कृत्रिम बेटावर बांधला आहे. १९९४ मध्ये तो सुरू झाला. बेटाखालील वरच्या वीस मीटर गाळात लक्षावधी वालुकास्तंभ उतरवले होते आणि त्या थराचे खचणे लवकर आटोपलेही. परंतु त्याखाली चिकणमातीचे आणखी खोल थर आहेत. तेथपर्यंत वालुकास्तंभ पोहोचले नाहीत. ते थर सावकाश दबत राहिले आणि बेट आजवर एकूण दहा मीटरहून अधिक खचले आहे. जेथे वाट दिली तेथले पाणी निघाले, जेथे दिली नाही तेथले रेंगाळले.

मग वाशिमच्या जमिनीत उभे निचरे बसवावेत का?

नाही! आणि याचे कारण समजून घेणे हाच या पाठाचा महत्त्वाचा भाग आहे.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. खाडीतील गाळ वर्षभर पाण्याने भरलेला असतो, त्याचा रोग म्हणजे साचलेले पाणी. काळ्या मातीचा रोग म्हणजे पाण्याची ये-जा. पावसाळ्यात घराच्या कडेची माती फुगते, उन्हाळ्यात बसते, आणि भिंतींना तिरके तडे जातात. अशा जमिनीत उभी छिद्रे पाडली तर पावसाचे पाणी त्यांतून उलट खोलवर शिरेल.

शिवाय काळ्या मातीचा थर बहुधा काही मीटरांचाच असतो आणि त्याखाली मुरूम व खडक लागतो. म्हणून येथे उपाय वेगळे आहेत. पाया मुरमापर्यंत नेतात किंवा काळी माती काढून तेथे न फुगणारी माती दाबून भरतात. आयआयटी, पवई येथील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केले. चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर वर दिला तर खालच्या काळ्या मातीचे फुगणे आटोक्यात येते, असे त्यांनी दाखवले. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले खांब याच मातीसाठी विकसित केले. घराभोवती फरसबंदी करून पावसाचे पाणी पायापासून दूर नेणे हा तर प्रत्येकाला जमण्याजोगा उपाय आहे.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्यांचे वरचे भाग कापून टाका. काळी माती रात्रभर भिजवा, चाळून घ्या आणि भज्यांच्या पिठाइतकी दाट कालवा. दोन्ही बाटल्यांत ती सारख्या उंचीपर्यंत भरा. एका बाटलीत विणकामाच्या सुईने कंदिलाच्या सुती वातीचे पाच-सहा तुकडे तळापर्यंत उभे खोचा व सुई काढून घ्या. वातीची टोके मातीच्या वर येऊ द्या. दोन्हींवर कापडाचा तुकडा, दोन सेंटिमीटर जाड वाळू आणि छिद्रे पाडलेली प्लॅस्टिकची चकती ठेवा. चकतीवर सारखी वजने ठेवा, पण एकदम नको, रोज थोडी थोडी वाढवा, नाहीतर चिखल कडेने वर येईल. बाटल्या सावलीत ठेवा आणि वर साचलेले पाणी रोज टिपून घ्या.

मातीची उंची रोज एकाच वेळी मोजा आणि दिवस व उंची यांचा आलेख काढा. वाती असलेली माती पहिल्या काही दिवसांतच बरीच खाली बसलेली आढळेल. दुसरी मागे राहील. पण घाई करू नका, तीन-चार आठवडे मोजमाप चालू ठेवा. शेवटी दोन्ही आलेख एकमेकांजवळ येतील. असे का होते, हे आता तुम्हांला सांगता आले पाहिजे.

विचार करा

१. गाळाच्या दहा मीटर थराखाली खडकाऐवजी वाळू असती, तर पंच्याऐंशी वर्षांऐवजी किती वर्षे लागली असती?

२. भराव इमारतीच्या भारापेक्षा जड ठेवला तर कोणता फायदा होईल?

३. तुमच्या गावातील तडे गेलेल्या एखाद्या भिंतीचे वर्षभर निरीक्षण करा. तडा पावसाळ्यात रुंद होतो की उन्हाळ्यात? त्यावरून खालच्या मातीविषयी काय सांगता येईल?