पैका वाढला म्हणजे सुख वाढते काय?

दिंडीच्या मुक्कामी हा प्रश्न नेहमी निघतो. एक म्हणतो, "पैशात सुख नाही, बाबा." दुसरा हळूच म्हणतो, "ज्याच्या घरी आहे, त्याने हे बोलावे!" दोघांचेही म्हणणे तोलून पाहिले पाहिजे. अमेरिकेत काही पंडितांनी याचा मोजून विचार केला आहे, तो पाहू.

पूर्वपक्ष असा. डॅनियल कानेमान व अँगस डीटन यांनी २०१० साली सुमारे साडेचार लाख उत्तरे तपासली. "माझे आयुष्य एकंदर कसे चालले आहे?" हा एक हिशेब, आणि "कालचा दिवस हसत गेला की काळजीत?" हा दुसरा. पहिल्यातले समाधान मिळकतीबरोबर वाढतच गेले. दुसरे मात्र वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरांपाशी थांबले. लोकांनी तेवढेच धरले, की त्यापुढचा पैका व्यर्थ!

आता उत्तरपक्ष. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी २०२१ साली ३३ हजारांवर कमावत्या माणसांची माहिती मांडली. त्यांना फोनवरून वेळोवेळी विचारले होते, "आत्ता मन कसे आहे?" अशा १७ लाखांवर नोंदी झाल्या. त्यांत सुख ७५ हजारांपाशी थांबलेले दिसले नाही.

मग खरे कोणाचे? कानेमान व किलिंग्जवर्थ भांडत बसले नाहीत. बार्बरा मेलर्स यांना मध्ये घेऊन एकत्र बसले आणि २०२३ साली निर्णय दिला. जुने माप दुःख ओळखी, पण सुखी माणसांतला कमीजास्तपणा त्याला नीट दिसत नसे. बहुतेकांचे सुख मिळकतीबरोबर वाढतच जाते. परंतु सर्वांत दुःखी अशा शेकडा १५ ते २० माणसांचे दुःख सुमारे १ लाख डॉलरांपर्यंत हलके होते, पुढे फारसे हलत नाही. जिवलगाचा वियोग, मृत्यूचा शोक, मनाचा आजार यांपुढे वाढीव पगार काय करणार?

खरी मेख वाढीच्या रीतीत आहे. सुख रुपयागणिक वाढत नाही, पटीने वाढते. दृष्टांत घ्या. एका घरात एक भाकरी आहे, दुसऱ्यात दहा. पहिल्या घरी एक भाकरी आली की जो आनंद होतो, तेवढाच दुसऱ्या घरी व्हायला आणखी दहा याव्या लागतात. शिवाय हे सगळे सरासरीचे बोलणे. एकेका माणसाचे पाहाल तर कमी मिळकतीचा हसतमुख आणि मोठ्या मिळकतीचा कष्टी, दोन्ही भेटतील.

तेव्हा यातून घ्यायचे काय? ज्याची चूल आज पेटेल की नाही याचा भरवसा नाही, त्याला "पैशात काय आहे?" असे सांगू नये. त्याच्यासाठी पैशात पुष्कळ आहे. ज्याचे पोट भरले आहे त्याने मात्र पुढच्या कमाईसाठी झोप, घर, माणसे यांतले किती द्यावे लागते, ते एकदा बोटे मोडून मोजावे. देणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की आपल्या पेटीत ज्या नोटेने काही वाढ दिसत नाही, ती गरजूच्या हाती पडली तर महिनाभराची काळजी हलकी होते. आणि शेजारचा सधन माणूस शोकात असेल, तर "त्याला काय कमी आहे?" असे न म्हणता त्याच्यापाशी घटकाभर जाऊन बसावे.